'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' – समीक्षकांनी या गेमला कसं तोललं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा गेम नक्की कोणता? मुख्य मालिकेत धरायचा की नाही?

'अनचार्टेड' ही कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग स्टुडिओची मालिका. पहिला भाग २००७ चा, मग २००९, २०११ आणि २०१६. चारही भागांचा नायक नेथन ड्रेक. जुने खजिने हुडकत जगभर भटकणारा आणि कड्याकपारींना लटकणारा हा गडी चौथ्या भागाच्या शेवटी निवृत्त झाला.

'द लॉस्ट लेगसी' आला त्यानंतर, २२ ऑगस्ट २०१७ ला, प्लेस्टेशन ४ वर. यात नेथन नाही. दुसऱ्या भागात पहिल्यांदा भेटलेली क्लोई फ्रेझर आणि चौथ्या भागात नेथनच्या विरोधात उभी ठाकलेली नदीन रॉस, या दोघी मिळून गणपतीचा दात शोधायला भारतात, पश्चिम घाटात येतात. गेमला क्रमांक नाही, नायकही वेगळा, म्हणून याला स्पिन-ऑफ, म्हणजे मालिकेतून फुटलेली उपशाखा, म्हणतात. पण गोष्ट चौथ्या भागाच्या पुढची आहे आणि ती मालिकेत धरली जाते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण तिच्याशिवाय परीक्षणांचा सूर कळत नाही. हा गेम आधी चौथ्या भागाला जोडायचं डीएलसी, म्हणजे नंतर डाउनलोड करायची जोडपुरवणी, म्हणून आखला होता. काम करता करता तो वाढत गेला आणि शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहिला.

मेटाक्रिटिकवर याला ८४ गुण आहेत. चौथ्या भागाला ९३. म्हणजे गेम पडला का?

अजिबात नाही. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

मेटाक्रिटिक निरनिराळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून भारित सरासरी काढतं. गेमसाठी ९० आणि त्यावर गेलं की सर्वत्र वाहवा, ७५ ते ८९ मध्ये असलं की बहुतांशी पसंती, अशी त्यांची वर्गवारी आहे. म्हणजे ८४ हा चांगला निकाल आहे. दुसऱ्या एखाद्या मालिकेला हा आकडा मिळाला असता तर स्टुडिओत पेढे वाटले असते.

अडचण घराण्याची आहे. पहिल्या भागाला ८८, दुसऱ्याला ९६, तिसऱ्याला ९२, चौथ्याला ९३. अशा भावंडांत ८४ घेऊन आलेल्या धाकटीकडे लोक जसे बघतात तसंच इथे झालं. परीक्षणं नीट वाचली तर जवळपास प्रत्येकाने चित्रण, संवाद आणि दोन्ही मुख्य पात्रांची तारीफ केलेली दिसते. मग गुण कापले कशावर? 'हे आम्ही आधी पाहिलंय' यावर. चौथा भाग येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, चढणं-उतरणं तेच, बंदुका त्याच, दोराला लोंबकळून दरी ओलांडणं तेच. ८४ हा आकडा मुख्यतः मोठ्या भावंडांच्या शेजारी उभं राहण्याची किंमत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गेम विकत घ्यायचा की नाही हे ठरवताना या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. परीक्षणातला मजकूर वाचा.

छोटा म्हणजे किती छोटा? पैसे वसूल होतात का?

सरळ खेळत गेलात तर सात-आठ तास. सगळे खजिने गोळा करायचे असतील तर आणखी दोन-तीन. चौथ्या भागाला साधारण पंधरा तास लागतात, म्हणजे हा त्याच्या निम्मा.

किंमतही त्याच हिशोबाने ठेवली होती. अमेरिकेत नवा मोठा गेम ५९.९९ डॉलरला मिळायचा तेव्हा हा ३९.९९ ला आला. सोबत चौथ्या भागाचा मल्टिप्लेअरही दिला होता. त्यामुळे किमतीबद्दल कुरकुर फारशी झाली नाही. उलट, लांबी आटोपशीर असल्याचं अनेकांनी चांगलंच म्हटलं. चौथा भाग मधल्या पट्ट्यात रेंगाळतो ही तक्रार तेव्हा ताजी होती, आणि हा गेम कुठेही रेंगाळत नाही.

मी स्वतः लांबलचक गेम अर्धे सोडून देणाऱ्यांपैकी आहे. नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून रात्री तास-दीड तास मिळतो. हा गेम मी एका आठवड्यात पूर्ण केला आणि शेवटच्या प्रसंगापर्यंत सुरुवातीचा धागा डोक्यात होता. साठ-साठ तासांच्या गेममध्ये ते मला कधीच जमलेलं नाही.

समीक्षकांना सर्वांत जास्त काय भावलं?

क्लोई आणि नदीन यांच्यातलं नातं. सुरुवातीला दोघींत विश्वास नाही. क्लोई बोलकी, विषय टाळण्यात पटाईत, अंगावर आलं की पळ काढणारी. नदीन शिस्तीची, मोजकं बोलणारी. वडिलांकडून आलेली खाजगी फौज तिच्या हातून गेली आहे, तो सल मनात आहे. चौथ्या भागात हीच नदीन ड्रेक बंधूंना एकटीने लोळवत होती. अशा दोघी जीपमध्ये शेजारी बसून भांडत, गप्प होत, मग हळूहळू मोकळ्या होत जातात.

एक प्रसंग जवळून सांगते. ढासळलेल्या दगडांखाली एक हत्ती अडकलेला दिसतो. दोघी मिळून त्याला सोडवतात, मग त्याच्या पाठीवर बसून संथपणे पुढे जातात. मारामारी नाही, कोडं नाही, घाई नाही. तोवर कायम सावध असलेली नदीन हत्तीवर हात ठेवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते शब्दांत नाही, केवळ हालचालीत आहे. कितीतरी परीक्षणांत या प्रसंगाचा उल्लेख आला. धडाकेबाज मालिकेतला सगळ्यात शांत क्षण समीक्षकांच्या लक्षात राहिला, यातच सगळं आलं.

क्लोईला आवाज आणि अभिनय क्लॉडिया ब्लॅकचा, नदीनला लॉरा बेलीचा. दिग्दर्शनाची धुरा शॉन एस्केग आणि कर्ट मार्गेनॉ यांच्याकडे होती, संगीत हेन्री जॅकमन यांचं.

या गेमच्या चौथ्या अध्यायाबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण तिथे मालिकेने पहिल्यांदा लगाम एवढा सैल सोडला. अध्यायाचं नावच 'द वेस्टर्न घाट्स'. एरवी 'अनचार्टेड' म्हणजे एका वाटेने पुढे जायचं. इथे मोठं मोकळं खोरं समोर ठेवलंय. मधोमध उंच बुरूज, त्यावर चढलं की लांबवर तीन गड दिसतात. कुठे आधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. चिखलातून, पाण्यातून जीप घालायची, वाटेत भग्न देवळं, धबधबे, खलनायक असवच्या लोकांच्या चौक्या.

क्लोईच्या हातात कागदी नकाशा असतो. ती तो उघडते आणि पेनाने खुणा करते. जे ठिकाण पाहून झालं त्यावर काट. पडद्यावर कोपऱ्यात सतत लुकलुकणारा बाण नाही, ठिपक्यांची रांग नाही. नकाशा मिटला की डोळ्यांनीच वाट शोधायची. खोऱ्यात विखुरलेल्या, होयसळ या जुन्या राजघराण्याच्या अकरा मुद्रा गोळा केल्या तर राणीचं माणकाचं कडं मिळतं, आणि ते हातात असलं की जवळपास खजिना असताना कळतं. हे काम ऐच्छिक आहे, केलं नाही तरी गोष्ट अडत नाही.

समीक्षकांत इथे दोन तट पडले. बहुतेकांना हा गेमचा कळस वाटला, मालिकेने पुढे याच वाटेने जावं असंही लिहिलं गेलं. काहींना मात्र वाटलं की इथे वेग मंदावतो, आणि पुढचे अध्याय परत एकाच वाटेवर येतात तेव्हा ही मोकळीक वाया गेल्यासारखी वाटते. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. मलाही खोरं सोडताना हळहळ वाटली होती.

'नवीन काहीच नाही' ही तक्रार खरी आहे का?

बरीचशी खरी आहे, आणि गेमवर प्रेम असलं तरी ते मान्य करायला हवं. कुलूप उघडण्याची छोटी युक्ती नवी आहे, आवाज न करणारं पिस्तूल नवं आहे, ठरावीक ठिकाणी क्लोई फोनवर फोटो काढते तेही नवं. पण गाभा चौथ्या भागाचाच.

शेवटचा आगगाडीचा प्रसंग घ्या. दुसऱ्या भागातली आगगाडी आणि चौथ्या भागातला जीपचा पाठलाग, दोन्ही एकत्र करून तो रचलाय. परीक्षण लिहिणाऱ्यांपैकी काहींनी त्याला मालिकेची निवडक गाणी पुन्हा वाजवल्यासारखं म्हटलं, काहींनी मालिकेतला सर्वोत्तम शेवट. एकाच प्रसंगावरची ही दोन मतं. ज्याने आधीचे चारही भाग लागोपाठ खेळलेत त्याला पहिलं पटेल, मध्ये खंड पडला असेल त्याला दुसरं.

कोड्यांबाबत मात्र 'जुनंच' हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. हातात शस्त्र घेतलेल्या प्रचंड मूर्तींच्या मधल्या चौथऱ्यांवरून उड्या मारत जायचं, तुम्ही एक पाऊल टाकलं की मूर्तीही फिरतात आणि शस्त्र चालवतात. पुढचं पाऊल कुठे पडल्यावर परशु कुठून येईल हे आधी डोक्यात मांडावं लागतं. दुसऱ्या एका ठिकाणी दगडी आकृत्या फिरवून भिंतीवर सावल्यांचं चित्र जुळवायचं आहे. आधीच्या भागांत वही उघडून उत्तर बघून टाकायची सवय लागली होती, इथे डोकं चालवावं लागतं.

खलनायक कच्चा आहे असं म्हणतात. पटतं का?

अर्धवट पटतं. असव हा बंडखोरांचा म्होरक्या, उस्मान अली या अभिनेत्याने तो उभा केलाय. आवाज शांत, शरीर पहाडासारखं. हातघाईच्या झुंजीत तो दोघींना एकाच वेळी भारी पडतो, तेव्हा खरी धास्ती वाटते. पण त्याला हवंय काय आणि का, यासाठी गेमने पुरेसा वेळ दिला नाही. लहान लांबीचा तोटा झाला असेल तर तो इथे. आणि ज्या यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवर गोष्ट घडते ते युद्ध सर्वस्वी काल्पनिक आहे. परदेशी समीक्षकांनी ते बिनबोभाट स्वीकारलं. आपल्याकडच्या वाचकाला मात्र 'हे कुठलं शहर, ही कुठली लढाई?' असा प्रश्न पहिल्याच प्रसंगात पडतो आणि त्याचं उत्तर मिळत नाही.

होयसळांबद्दल गेममध्ये जे आहे ते कितपत खरं?

या प्रश्नावर जरा थांबते, कारण परदेशी परीक्षणांत यावर फारच कमी लिहिलं गेलं. 'सुंदर प्राचीन अवशेष' एवढ्यावर बहुतेकांनी भागवलं.

होयसळ खरे, हळेबीडू खरं, बेलूरही खरं. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातली ही दोन गावं एकमेकांपासून सोळा-सतरा किलोमीटरवर आहेत. गेममध्ये ती जंगलात हरवलेली, कुणी न पाहिलेली नगरं आहेत. प्रत्यक्षात तिथे एसटीसारख्या लाल बसने जाता येतं. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर विष्णुवर्धन राजाने १११७ मध्ये उभारायला घेतलं, हळेबीडूचं होयसळेश्वर त्याच शतकातलं. हळेबीडूचं जुनं नाव द्वारसमुद्र, आणि १३११ मध्ये मलिक काफूरची स्वारी तिथवर पोचली होती. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीडू आणि सोमनाथपूर इथली मंदिरं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आपल्या इतिहासाशीही या घराण्याचा थेट संबंध आहे. देवगिरीचा यादव राजा भिल्लम आणि होयसळ राजा वीर बल्लाळ यांच्यात बाराव्या शतकाच्या अखेरीस गदगजवळ सोरटूरला लढाई झाली होती, आणि त्यात सरशी बल्लाळाची झाली.

गेम कुठे घसरतो तर आकारात. तिथे डोंगराएवढ्या मूर्ती आहेत, दरीच्या तोंडावर उभे महाकाय शंकर आणि गणपती. होयसळांची खरी ताकद नेमकी उलट्या दिशेला आहे. त्यांनी मऊ, काळपट-हिरवट दगड वापरला. खाणीतून काढताना तो नरम असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. त्यामुळे सोनाराने दागिना घडवावा तसं काम दगडात करता आलं. होयसळेश्वराच्या भिंतीजवळ उभं राहून बघा: तळाला हत्तींची रांग, तिच्यावर सिंह, वर वेलबुट्टी, घोडेस्वार, आणखी वर रामायण-महाभारतातले प्रसंग. हत्ती शेकड्यांनी आहेत, आणि एकासारखा दुसरा नाही. ताऱ्याच्या आकाराच्या जोत्यामुळे भिंत सतत कोन बदलते आणि उन्हाची तिरीप सरकेल तशी एकेक आकृती उजळते. हे पाहायला मान वर करावी लागत नाही, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जावं लागतं.

गेमच्या कलाकारांनी हे पाहिलेलं आहे, कारण काही खांबांवर आणि चौकटींवर तो हात दिसतो. पण साहसकथेला भव्यता हवी असते, म्हणून मूर्ती मोठ्या झाल्या. मला यात अपमान दिसत नाही. पण 'होयसळ शैली हुबेहूब' असं कुणी लिहिलं असेल तर ते चूक आहे.

निसर्गाचं मात्र कौतुकच करायला हवं. लाल माती, शेवाळलेले दगड, पाऊस पडून गेल्यावर झाडांतून वर येणारी वाफ. आंबोली किंवा ताम्हिणीचा पावसाळा ज्याने अनुभवलाय त्याला हे ओळखीचं वाटतं. सह्याद्री इतक्या ताकदीने मोठ्या परदेशी गेममध्ये याआधी मी तरी पाहिला नव्हता.

गणपतीच्या दाताची गोष्ट गेमने मनाने रचली का?

गोष्ट पुराणातली आहे, खजिना गेमचा. परशुराम शंकराला भेटायला कैलासावर आले, वडिलांच्या विश्रांतीत व्यत्यय नको म्हणून गणपतीने त्यांना दारात अडवलं, चिडून त्यांनी परशु फेकला. तो परशु शंकरानेच दिलेला, म्हणून वडिलांच्या अस्त्राचा मान राखायला गणपतीने तो दातावर झेलला आणि एकदंत झाला. क्लोई ही गोष्ट नदीनला सांगते. महाभारत लिहिताना दात मोडून लेखणी केल्याची दुसरी कथा आपल्याकडे तितकीच सांगितली जाते, पण गेमने पहिली निवडली, आणि ती निवड मला फार योग्य वाटते. क्लोईचे वडील भारतीय संशोधक होते, त्याच दाताच्या शोधात त्यांचा जीव गेला. वडिलांच्या शब्दासाठी मुलाने सोसलेला घाव ही तिची स्वतःची गोष्ट आहे. परीक्षणांमध्ये 'वडिलांचा वारसा' हा धागा सर्वांनी टिपला, पण तो या पुराणकथेत आधीच विणलेला आहे हे फारसं कुणी लिहिलं नाही.

गेम आला त्या वर्षी गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती, म्हणजे तीनच दिवसांनी. घरात मखराची तयारी चालू होती आणि पडद्यावर परशु घेतलेली मूर्ती दिसली. मागून जाणारी आई थांबली आणि म्हणाली, "अगं, हा तर परशुराम. चिपळूणला जाऊन आलोय की आपण." मग ती कोडं सुटेपर्यंत उभी राहिली.

पात्रांच्या आवाजांवरून वाद झाला होता ना?

हो. नदीन ही दक्षिण आफ्रिकेतली कृष्णवर्णीय स्त्री, आणि आवाज देणारी लॉरा बेली गोरी अमेरिकन. हा आक्षेप चौथ्या भागापासूनचा. क्लोईच्या बाबतीतही तसंच: या गेममध्ये ती अर्धी भारतीय असल्याची गोष्ट मध्यवर्ती झाली, पण २००९ पासून तिला आवाज देणारी क्लॉडिया ब्लॅक ऑस्ट्रेलियन आहे. दोघींच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. आक्षेप निवडीवर होता, आणि तो रास्त आहे. भारतीय मुळं असलेली अभिनेत्री क्लोई झाली असती तर वडिलांबद्दलचे संवाद कसे ऐकू आले असते, हा विचार माझ्या मनात खेळताना येऊन गेला.

पुरस्कार मिळाले का?

नामांकनं भरपूर. २०१७ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर विभागात नाव होतं, तिथे 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' जिंकला. अभिनयासाठी क्लॉडिया ब्लॅक आणि लॉरा बेली दोघींनाही नामांकन होतं, पुरस्कार 'हेलब्लेड'च्या मेलिना युर्गेन्सला गेला. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांतही तिघींच्या बाबतीत हेच झालं. ते वर्षच अटीतटीचं होतं.

अशाच इतर छोट्या गेमच्या तुलनेत हा कुठे बसतो?

वरच्या रांगेत. 'मेटल गियर सॉलिड ५: ग्राउंड झीरोज' २०१४ मध्ये आला तेव्हा तो दीड-दोन तासांत संपतो यावरून गहजब झाला, आणि ती नाराजी गुणांतही उतरली: प्लेस्टेशन ४ वर ७५. तो पुढच्या मोठ्या गेमची प्रस्तावना होता, आणि प्रस्तावनेचे वेगळे पैसे द्यायला लोक तयार नव्हते. 'लॉस्ट लेगसी'ला आरंभ, मध्य आणि शेवट आहे.

जवळची तुलना 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस'शी. २०२० चा हा गेमही लहान, तोही नवा नायक पुढे आणणारा, आणि गुण ८५. मूळ 'स्पायडर-मॅन'ला ८७ होते, म्हणजे फरक दोनाचा. इथे फरक नवाचा. माझ्या मते दोन छोट्या गेममध्ये एका गुणाइतकंच अंतर आहे, फक्त एकाचा मोठा भाऊ ९३ चा निघाला.

आधीचे भाग खेळले नसतील तर चालेल का?

चालेल. नदीनचं दुखणं नीट कळायला चौथा भाग खेळलेला बरा, पण आवश्यक ते सगळं संवादांतून कळतं. ज्यांना मालिका नवी आहे त्यांना मी हाच भाग आधी सुचवते.

मुलांना खेळायला देऊ का?

युरोपात याला १६ वर्षांवरील, अमेरिकेत किशोरवयीन असा दर्जा आहे. बंदुका आणि हाणामारी सतत आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना शेजारी बसवून कोड्यांचा आणि जीपचा भाग दाखवायला हरकत नाही.

आज हा गेम कुठे मिळेल?

प्लेस्टेशन ४ ची मूळ आवृत्ती आहेच. २८ जानेवारी २०२२ ला प्लेस्टेशन ५ साठी 'लेगसी ऑफ थीव्ज कलेक्शन' आलं, त्यात चौथा भाग आणि 'लॉस्ट लेगसी' एकत्र आहेत. तेच १९ ऑक्टोबर २०२२ ला पीसीवर आलं. जुन्या प्लेस्टेशन ४ ची डिस्क एखाद्या मित्राकडे असेल तर मागून घ्या, तीही उत्तम चालते. चौथ्या अध्यायात पोचलात की बुरुजावर चढून लगेच खाली उतरू नका. कॅमेरा सावकाश फिरवा, ढग डोंगरांवरून सरकताना दिसतील.